व्हर्सायला फ्रेंच ऑपेरा ऐकायला निघण्यापूर्वी
(आमच्या संगीत-सहलीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

या सहलीत व्हर्सायच्या राजवाड्यातल्या ऑपेरा-गृहात एक ऑपेरा आणि दुसऱ्या दिवशी चेंबर म्युझिकची, म्हणजे मोजक्या वाद्यांची, एक मैफल आहे. दोन्हींत संगीत १८व्या शतकातलं, फ्रेंच. आधी थोडी तयारी केली नाही तर पहिला तास "गाणं कधी सुरू होणार?" याची वाट पाहण्यात जातो. हे पत्रक त्या तासासाठी आहे.

गाणं कुठे आहे?

संगीत नाटकात गद्य संपतं, पद सुरू होतं, टाळ्या पडतात, रंगलं तर वन्स मोअर. इटालियन ऑपेराचीही घडण साधारण अशीच: कथा पुढे सरकवणारं बोलगाणं, मग थांबून गायलेलं मोठं गाणं. फ्रेंच ऑपेरात मात्र हा सांधा दिसू नये अशीच रचना असते. बोलगाणं न कळत चालीत शिरतं, चार ओळींत बाहेर पडतं, मध्येच समूहगायन येतं. कागदावर ताल सारखा बदलतो, कधी दोन, कधी तीन, कधी चार मात्रा, कारण कवितेतला जोराचा शब्द ठोक्यावर यायला हवा. ठेका धरायला गेलात तर चुकाल. शब्द ऐका. रंगमंचावर बहुधा फ्रेंच आणि इंग्रजी अक्षरपट्टी असते, पण कथानक आदल्या रात्री वाचून ठेवा. मान सारखी वर-खाली करून गाणं निसटतं. टाळ्या अंक संपल्यावर.

ठेका हवा असेल तर तो नाचात आहे. जवळजवळ प्रत्येक अंकात नाच आणि समूहगायनाचा एक मोठा भाग असतो. ती मध्येच घातलेली करमणूक नव्हे, ऑपेराचा निम्मा जीव तिथेच असतो. मिन्युएट तीन मात्रांचा, संथ डौलाचा. तांबुरँ दोन मात्रांचा, वेगवान. खाली एकच सूर धरलेला, वर बारीक बासरी. शेवटी बऱ्याचदा शाकोन येतो: तीन मात्रांत खर्जाची एकच ओळ फिरत राहते आणि वरचं संगीत दर आवर्तनात बदलतं. शाकोन लागला म्हणजे प्रयोग संपत आला, पण पर्स आवरायला घेऊ नका, तो लांबतो.

या शतकाचं मोठं नाव ज्याँ-फिलिप रामो. जन्म १६८३, दिजाँ. पहिला ऑपेरा 'इप्पोलित ए आरिसी' १७३३ साली आला तेव्हा वय ५० होतं. आधीच्या शतकातल्या संगीतकार लुलीच्या जुन्या ऑपेरांवर वाढलेल्या श्रोत्यांना त्याचे सूर फार दाट वाटले आणि पॅरिसमध्ये दोन तट पडले. १७३५च्या 'लेझ् आंद गालाँत'बद्दल एक खुलासा, कारण नाव ऐकून गल्लत होते: यातल्या 'आंद'चा अर्थ आपला हिंदुस्थान नव्हे. समुद्रापलीकडचे दूरदेश असा तो जुना अर्थ, आणि कथा घडतात तुर्कस्तान, पेरू, इराण आणि उत्तर अमेरिकेत. १७४५चा 'प्लाते' मात्र व्हर्सायमध्येच, युवराजाच्या लग्नात पहिल्यांदा झाला. त्यात दलदलीतल्या कुरूप अप्सरेचं काम पुरुष गायक करतो. बालगंधर्वांच्या प्रेक्षकांच्या नातवंडांना स्त्रीपार्ट काय सांगावा, पण इथे उद्देश मोहवण्याचा नाही, हसवण्याचा आहे. हा आवाज 'ओत-कोंत्र'चा, म्हणजे उंच पट्टीतला पुरुषी आवाज. याच आवाजात फ्रेंच ऑपेराचे बहुतेक नायकही गातात.

पट्टी खाली का?

आजचे वाद्यवृंद 'ए' हा स्वर ४४० हर्ट्झला लावतात. त्या काळच्या फ्रेंच संगीतासाठी बहुधा ३९२ किंवा ४१५ घेतात. पेटीच्या भाषेत, पांढरी सहा दाबली आणि पांढरी पाच किंवा काळी चार वाजली. बासऱ्या आणि ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) लाकडी, एका ठरावीक पट्टीचेच बनवलेले असतात, ते फार चढवता-उतरवता येत नाहीत. म्हणून बाकीच्यांनी त्यांच्याशी जुळवून घ्यायचं. व्हायोलिनच्या तारा आतड्याच्या, आवाज मऊ आणि लहान. पहिली पाच मिनिटं कान लहानसा आवाज शोधतो, मग सवय होते.

याच तारा दमटपणाने उतरतात-चढतात. सभागृह माणसांनी भरलं की हवा बदलते, म्हणून अंकांच्या मध्ये सूर मिळवणं चालतं. मध्यंतरात क्लाव्हसाँपाशी (हार्पसिकॉर्ड, पेटीसारख्या पट्ट्यांचं तारवाद्य) किल्ली घेऊन वाकलेला माणूस दिसला तर काही बिघडलं असं समजू नका. या वाद्यात पट्टी दाबली की आत छोटी नखी तार छेडते. जोरात दाबून आवाज वाढत नाही. वाढवायचा तर तारांचा दुसरा संच जोडतात.

म्हणूनच चेंबर मैफलीत जागा महत्त्वाची. रामोच्या १७४१च्या संग्रहात क्लाव्हसाँबरोबर व्हायोलिन किंवा बासरी आणि व्हिओल (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं तारवाद्य) अशी तीनच वाद्यं आहेत, आणि क्लाव्हसाँ साथीला नसून मुख्य आहे. मागच्या रांगेत तेच आधी हरवतं. फ्रेंच संगीतकार कूपराँच्या १७२२च्या 'काँसेर रॉयो'त सारखे लिहिलेले दोन स्वर लांब-आखूड, झोका घेत वाजतात. वादक घसरत नाहीत, ती तिथली रीत आहे. टाळ्या प्रत्येक नाचानंतर नको, त्या नाचांचा पूर्ण संच झाल्यावर द्या.

जागा आणि गाडी

ऑपेरा-गृह १७७०चं, वास्तुकार गाब्रिएल. आतलं सगळं लाकूड, संगमरवर दिसतो तो रंगवलेला. आसनं सातशेच्या आसपास, त्यामुळे मागूनही ऐकू येतं; दिसणं वेगळी गोष्ट. बाजूच्या बॉक्समधल्या मागच्या खुर्चीवरून रंगमंचाचा एक कोपरा पूर्ण जातो. फ्रेंचमध्ये 'व्हिजिबिलिते रेद्युइत' (कमी दिसणारी जागा) लिहिलेलं तिकीट स्वस्त असतं ते याचसाठी. मान किंवा गुडघे दुखत असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा, आम्ही समोरच्या जागा घेऊ.

पॅरिसहून आर.ई.आर. सी ही उपनगरी गाडी घ्या, पण फलकावर 'व्हर्साय शातो रीव्ह गोश' वाचूनच चढा. याच मार्गाच्या काही गाड्या 'व्हर्साय शाँतिए'ला जातात आणि तिथून राजवाडा बराच चालावा लागतो. तिकिटावरची वेळ २४ तासांच्या पद्धतीची असते. दरवाजे बंद झाल्यावर उशिरा आलेल्यांना बहुधा मध्यंतरापर्यंत थांबवतात, म्हणून पाऊण तास आधी पोहोचा. काळा सूट लागत नाही, मात्र शाल जवळ ठेवा. पंचअंकी ऑपेरा मध्यंतर धरून तीन तास घेतो. परतीची शेवटची गाडी दुपारीच पाहून ठेवा, कारण या मार्गावर रात्री आणि उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवतात.