पाचव्या पायरीवरचा विजेता

हेडिंग्ली म्हटले की मराठी वाचकाला क्रिकेट आठवते. १९८६ मध्ये दिलीप वेंगसरकरने तिथे ६१ आणि नाबाद १०२ धावा केल्या आणि भारताने ती कसोटी २७९ धावांनी जिंकली. १९९२ मध्ये यॉर्कशायरने आपला पहिला परदेशी खेळाडू म्हणून सचिन तेंडुलकरला घेतले, तेही याच मैदानावर खेळण्यासाठी. पण या क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून दुसरे एक मैदान आहे. दोघांच्या मध्ये प्रेक्षकांची इमारत एकच, तिचे एक तोंड क्रिकेटकडे आणि दुसरे रग्बीकडे. त्या दुसऱ्या बाजूला लीड्स ऱ्हायनोज हा रग्बी लीगचा व्यावसायिक क्लब खेळतो. २०११ मध्ये हा क्लब साखळीत पाचवा आला, वेम्बलीवरचा चॅलेंज कप या वेगळ्या चषकाचा अंतिम सामना हरला आणि ऑक्टोबरमध्ये इंग्लंडचा विजेता ठरला. पाचवा आलेला संघ विजेता कसा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्याचे उत्तर शोधायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

रग्बी लीग म्हणजे तेरा जणांची रग्बी. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडले की तो उठतो, टाचेने चेंडू मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू होतो. असे सहा वेळा पकडले गेले की चेंडू समोरच्या संघाकडे जातो. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला पकड आणि सुटका यांचे हे गणित समजायला फार वेळ लागत नाही.

हा खेळ जन्मला तो खाड्याच्या पैशांवरून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर इंग्लंडमधले रग्बी खेळाडू प्रामुख्याने खाणीत, गिरणीत, गोदीत राबणारे होते. शनिवारी सामना, आणि शनिवारी अर्धा दिवस काम. खेळायला गेले की खाडा पडे आणि मजुरी कापली जाई. ती भरून द्यावी, एवढीच उत्तरेच्या क्लबांची मागणी होती. १८९३ मध्ये रग्बी संघटनेच्या लंडनमधल्या सभेत ती १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळली गेली. पैसे घेऊन खेळणे सद्गृहस्थाला शोभत नाही, असे ज्यांना वाटत होते त्यांचा कधी खाडा पडतच नव्हता, हे सांगायला नको. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब वेगळे झाले आणि त्यांनी आपली ‘नॉर्दर्न युनियन’ काढली. भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त ६ शिलिंग. लीड्स या फुटीर क्लबांमध्ये पहिल्या दिवसापासून होता.

पुढचा पेच होता तो विजेता कसा ठरवायचा याचा. क्लब खूप, शनिवार मोजके. त्यामुळे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळणे शक्य नव्हते, आणि आपापले सामने क्लब स्वतःच ठरवत. कुणाचे सामने जास्त, कुणाचे कमी, म्हणून तक्ता टक्केवारीवर लावला जाई. १९०५-०६ मध्ये ली या गावाचा क्लब असाच टक्केवारीवर विजेता झाला, आणि त्याच्या वाट्याला सोपे प्रतिस्पर्धी आले होते अशी ओरड झाली. पुढच्याच हंगामापासून नियम आला: पहिल्या चौघांनी आपसात बाद फेरी खेळावी आणि तीत जिंकेल तो विजेता. म्हणजे प्लेऑफ. आपल्याकडे हा शब्द आयपीएलने घरोघरी नेला, तिथे त्याला १९०७ पासूनची परंपरा आहे. आणि ती सुरू झाली ती थरारासाठी नव्हे, तर तक्त्यावर विश्वास नव्हता म्हणून. टीव्हीसाठी काढलेली क्लृप्ती म्हणून प्लेऑफवर टीका करणारे ही गोष्ट विसरतात.

या पद्धतीचा चटका लीड्सइतका क्वचितच कुणाला बसला असेल. १९६० च्या दशकात साखळी पुन्हा एकाच मोठ्या तक्त्यावर आली आणि पहिले सोळा संघ बाद फेरीत जाऊ लागले. १९६७ ते १९७० अशी सलग चार वर्षे लीड्स तक्त्यात पहिला होता. विजेतेपद मिळाले फक्त १९६९ मध्ये. १९७० चा अंतिम सामना तर सेंट हेलन्सने त्यांच्या हातून काढून घेतला. १९७२ मध्ये लीड्सने पुन्हा तक्ता जिंकला आणि या वेळी त्याच सेंट हेलन्सला ९-५ असे हरवून विजेतेपदही. मग आले १९७३. अंतिम सामन्यात समोर ड्यूजबरी, तक्त्यात आठवा आलेला संघ. लीड्स २२-१३ असे हरले. पाचव्या क्रमांकाच्या विजेत्यावर २०११ मध्ये नाके मुरडली गेली, तेव्हा लीड्सच्या म्हाताऱ्या प्रेक्षकांना ड्यूजबरीची आठवण झाली नसेल तरच नवल.

त्या पराभवानंतर लगेच पद्धत बदलली. दोन गट झाले आणि वरच्या गटात जो पहिला येईल तोच विजेता ठरू लागला. १९९७ पर्यंत हेच चालले, आणि गंमत अशी की या सरळसोट काळात लीड्सच्या वाट्याला एकही विजेतेपद आले नाही. १९९६ मध्ये वरच्या गटाच्या जागी सुपर लीग सुरू झाली, रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीचा पैसा आला, हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात गेला. त्या पहिल्या मोसमात बारा संघांत लीड्स दहावा! त्यानंतर पॉल कॅडिक आणि गॅरी हेदरिंग्टन यांनी क्लब हाती घेतला आणि १९९७ पासून नावापुढे ‘ऱ्हायनोज’ लागले. १९९८ मध्ये प्लेऑफ परत आले आणि मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांचा अंतिम सामना, म्हणजे ग्रँड फायनल, सुरू झाली. पहिल्याच वर्षी लीड्स तिथे पोहोचले आणि विगनकडून १०-४ असे हरले. विजेतेपद आले ते २००४ मध्ये, ब्रॅडफर्डला १६-८ असे हरवून, म्हणजे ३२ वर्षांनी. मग २००७, २००८, २००९ अशी सलग तीन, तिन्ही वेळा समोर सेंट हेलन्स.

इतके मिळाल्यावर २०११ ची सुरुवात खाली उतरण्यासारखी वाटणे स्वाभाविक होते. ब्रायन मॅकडरमट हे नवे प्रशिक्षक होते. पूर्वी नौदलाच्या मरीन दलात असलेला हा माणूस खेळाडू म्हणून ब्रॅडफर्डचा, म्हणजे शेजारच्या वैऱ्याचा. तिन्ही विजेतेपदांतला आधारस्तंभ जेमी पीकॉक गुडघ्याच्या दुखापतीमुळे मोसमाच्या सुरुवातीला मैदानाबाहेर होता. १४ संघ, प्रत्येकी २७ सामने. लीड्स एक आठवडा सुरेख खेळे आणि पुढच्या आठवड्यात ढेपाळे. चषकाच्या स्पर्धेतही तेच. उपांत्य सामन्यात कॅसलफर्डशी ८-८ अशी बरोबरी झाली आणि जादा वेळेत कर्णधार केव्हिन सिनफील्डच्या पेनल्टीने १०-८ असे निभावले. २७ ऑगस्टला वेम्बलीवर विगनने २८-१८ असे हरवले. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यातला २००० पासूनचा हा त्यांचा पाचवा पराभव होता. पुढच्या वर्षी सहावाही झाला.

साखळी संपली तेव्हा वॉरिंग्टन पहिले, लीड्स पाचवे. त्या काळी आठ संघ प्लेऑफला जात. पहिल्या चौघांना एक पराभव चालून जाई, पाचव्यापासून खाली मात्र एक हार म्हणजे घरी. शिवाय एक चमत्कारिक नियम होता, ‘क्लब कॉल’. पहिल्या फेरीत जिंकलेल्यांपैकी तक्त्यात वर असलेल्या संघाने उपांत्य फेरीतला आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा, तोही जाहीरपणे. लग्नात जेवणाच्या पंगतीत शेजारी कोण बसावे हे मोठ्याने सांगण्यासारखाच प्रकार. लीड्सने हल एफसीला आणि हडर्सफील्डला हरवले. वॉरिंग्टनपुढे दोन नावे होती, विगन आणि लीड्स. त्यांनी लीड्स निवडले. हिशेब म्हणून चूक नव्हती, पण लीड्सच्या खेळाडूंना पेटवायला त्यांच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवण्यासाठी याहून चांगला कागद मिळाला नसता. वॉरिंग्टनच्या घरच्या मैदानावर गुण २४-२४ असताना शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली, सिनफील्डने ती मारली आणि तक्त्यातला पहिला संघ २६-२४ असा बाहेर गेला.

८ ऑक्टोबरच्या ग्रँड फायनलला सेंट हेलन्स उत्तरार्धात १६-८ असे पुढे होते. त्यानंतर लीड्सने सलग २४ गुण केले आणि सामना ३२-१६ असा संपला. पण या सामन्यातले लोकांच्या डोळ्यांसमोर राहिले ते पूर्वार्धातले एक दृश्य. रॉब बरो, उंची पाच फूट पाच इंच, राखीव खेळाडू म्हणून उतरलेला. मध्यावर चेंडू मिळाला, तो पहिल्या पकडीखालून अक्षरशः वाकून निसटला, मग डावी-उजवीकडे झुकांड्या देत उरलेल्यांना चकवून रेषेपार. सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या हॅरी संडरलँड चषकासाठी मत देणाऱ्या सगळ्या पत्रकारांनी एकाच नावावर खूण केली. डिसेंबर २०१९ मध्ये बरोला मोटर न्यूरॉन हा स्नायूंवरचा ताबा घालवणारा आजार झाल्याचे निदान झाले आणि २ जून २०२४ रोजी तो गेला. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये सिनफील्डने त्याला चाकाच्या खुर्चीतून ढकलत नेले आणि शेवटची काही पावले उचलून रेषेपलीकडे आणले, ते छायाचित्र रग्बीशी संबंध नसलेल्यांनीही पाहिले असेल.

२०१२ मध्ये जवळपास तीच संहिता पुन्हा घडली. साखळीत पाचवे, वेम्बलीवर हार, या वेळी वॉरिंग्टनकडून, क्लब कॉलमध्ये विगनने लीड्सलाच निवडले आणि १३-१२ असे हरले, ग्रँड फायनलमध्ये वॉरिंग्टनवर २६-१८. एकदा झाले तर नशीब म्हणता येते. दोनदा झाल्यावर मला वाटते की या संघाला साखळीचे सामने आणि ऑक्टोबरचे सामने हे दोन वेगळे खेळ आहेत हे उमगले होते. आठवड्याच्या कंटाळवाण्या शिस्तीत ते कमी पडत आणि हरलो तर घरी अशा सामन्यात वाढत. २०१५ मध्ये मात्र त्यांनी तक्ता, चषक आणि ग्रँड फायनल असे तिन्ही जिंकून हे म्हणणेही खोटे पाडले, आणि २०१६ मध्ये नववे येऊन खालच्या गटातल्या संघांशी झुंजण्याची पाळी ओढवून घेतली. २०१७ मध्ये पुन्हा विजेते, तो बरोचा शेवटचा सामना.

पाचवा क्रमांक २०२२ मध्ये परत आला. मोसम सुरू होऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच प्रशिक्षक रिचर्ड आगर पायउतार झाले, संघ तळाजवळ होता. रोहन स्मिथ आले, संघ चढत पाचव्या जागेवर पोहोचला आणि तिथून थेट ओल्ड ट्रॅफर्डवर. समोर सेंट हेलन्स, तक्त्यात पहिले. लीड्समध्ये अकरा वर्षांपूर्वीच्या गोष्टी निघाल्या. सामना सेंट हेलन्सने २४-१२ असा जिंकला.