नडगीवर बाटली फिरवू नका

फुल-कॉन्टॅक्ट कराटे, म्हणजे पूर्ण ताकदीने मारायचं कराटे, विशीतच सुरू करावं आणि त्याआधी नडगीवर काचेची बाटली फिरवून ती बधिर करावी, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. मासुतात्सु ओयामांनी सुरू केलेल्या क्योकुशिन या फुल-कॉन्टॅक्ट शैलीच्या कुमितेत, म्हणजे लढतीत, चेहऱ्यावर ठोसा मारायला मनाईच आहे. बहुतेक मार बसतो छाती, पोट, मांडीवर. बाटलीने हाडावरचं पातळ आवरण दुखावतं, सुजतं. हाड बळकट होतं ते हळूहळू वाढवलेल्या भाराने. पन्नाशीतही होतं, फक्त वेळ जास्त लागतो. मऊ भरलेल्या बॅगेवर आठवड्यातून 2 दिवस, प्रत्येक पायाने 20 हलक्या लाथा पुरेत. बॅगेला टेकू द्या ती नडगी. बॅगेवर पाऊल टेकलं तर घोटा मुरगळू शकतो. दुसऱ्या दिवशी नडगीवर एकाच जागी बोटाने दाबल्यावर कळ आली, तर लाथा बंद करून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.