ग्रिड बारीक होणं आणि अंदाज बरोबर येणं: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

26 मे 2025 रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' रुजू झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेलं हे हवामानाचं जागतिक संगणकीय मॉडेल 6 किलोमीटरच्या ग्रिडवर, म्हणजे हवेच्या 6 किलोमीटर रुंद चौकोनांवर, चालतं. आधीचं 12 किलोमीटरच्या ग्रिडवर चालायचं. काम मोठं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण त्यासोबत एक समज पुन्हा पसरला, तो मात्र मोडून काढायला हवा: ग्रिड निम्म्यावर आला म्हणजे अंदाज दुप्पट अचूक झाला, आता प्रत्येक गावाचा वळीव आधीच कळणार. कुठल्याही देशात नवं मॉडेल आलं की हेच ऐकू येतं. वादळी पावसाच्या बाबतीत हे खरं नाही, आणि ज्यांनी ही मॉडेलं उभी केली त्यांनीच ते वीस वर्षांपूर्वी मोजून दाखवलं आहे.

अचूकतेबद्दल फार सांगायला नको. सांगितलं तसं घडलं का, सांगितलं तिथे आणि तेव्हा घडलं का, सांगितलं तेवढं घडलं का, एवढंच. रिझोल्यूशनकडे, म्हणजे ग्रिडच्या बारीकपणाकडे, जरा नीट पाहू.

मॉडेल हवेचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला तापमान, वारा, बाष्प यांचा एकेक आकडा देतं. ग्रिड 12 किलोमीटरचा असेल तर 144 चौरस किलोमीटरला एक आकडा, 3 किलोमीटरचा असेल तर 9 चौरस किलोमीटरला एक. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं सहसा कोणी सांगत नाही: एका चौकोनाएवढी गोष्ट मॉडेलला दिसतच नाही. एखादी लाट किंवा ढगांचा पट्टा मॉडेलमध्ये धडपणे उभा राहायला अनेक चौकोन लागतात. हवामानशास्त्रज्ञ विल्यम स्कॅमरॉक यांनी 2004 मध्ये डब्ल्यूआरएफ या मॉडेलवर हे मोजलं, तेव्हा खरी नजर ग्रिडच्या सुमारे सातपट निघाली. हा गुणक मॉडेलगणिक बदलतो, पण तो एक कुठेच नसतो. म्हणजे 3 किलोमीटरच्या ग्रिडला साधारण 20 किलोमीटरपासून पुढचं नीट दिसतं, 12 किलोमीटरच्या ग्रिडला 80 च्या पुढचं.

26 जुलै 2005 ची मुंबई यात घालून पाहा. सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस झाला, कुलाब्याला 73. दोन्ही वेधशाळांमध्ये सरळ रेषेत सुमारे 20 किलोमीटर अंतर आहे. म्हणजे 12 किलोमीटरच्या मॉडेलसाठी कुलाबा आणि सांताक्रूझ हे एकच ठिकाण होतं, आणि 3 किलोमीटरच्या मॉडेललाही ते जेमतेम वेगळे दिसले असते.

मग बारीक ग्रिड कशाला? त्याचा फायदा खरा आहे आणि तो कमी लेखू नये. गडगडाटी ढगातला वर चढणारा झोत काही किलोमीटरच रुंद असतो. तो 12 किलोमीटरच्या चौकोनात मावून हरवतो, म्हणून तिथे ढग बनवण्याऐवजी ढगाचा परिणाम सूत्राने धरला जातो. असा सूत्राचा पाऊस जमिनीवर बहुधा फार लवकर येतो. प्रत्यक्षात वळीव दुपार कलल्यावर किंवा संध्याकाळी येतो, मॉडेलमध्ये तो भर दुपारीच पडून गेलेला असतो. शिवाय ही वादळं जागची हलतही नाहीत, कारण एका चौकोनातल्या सूत्राला शेजारच्या चौकोनात काय चाललंय याचा पत्ता नसतो. ग्रिड 4 किलोमीटर किंवा त्याहून बारीक केला की हे सूत्र बंद करता येतं. ढग आपला आपण उभा राहतो, त्यातून कोसळणारी गार हवा जमिनीवर पसरते, तिच्या कडेवर नवे ढग फुटतात आणि वादळ चालू लागतं. वादळांची सरळ रांग येणार की एकेकटे स्वतःभोवती फिरणारे ढग येणार, हे कळू लागतं. पहिल्यातून सोसाट्याचा वारा येतो. दुसऱ्यातून मोठ्या गारा आणि अमेरिकेच्या मैदानांत टोर्नेडो. वादळाची जात आधी कळणं ही या विषयातली गेल्या पंचवीस वर्षांतली सर्वांत मोठी कमाई आहे, असं माझं ठाम मत आहे. 6 किलोमीटरचा ग्रिड 12 आणि 4 किलोमीटरच्या मधल्या अवघड पट्ट्यात येतो: सूत्र पूर्ण टाकूनही चालत नाही, पूर्ण ठेवूनही नाही.

पण जात कळणं म्हणजे ठिकाण कळणं नव्हे. सगळा घोळ इथेच होतो.

ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मनमध्ये दर वसंतात वादळाचे संशोधक आणि रोजचे अंदाज देणारे अधिकारी एकत्र बसून नवी मॉडेलं तपासतात. 2005 च्या वसंतात त्यांनी एकाच मॉडेलची दोन रूपं सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, शेजारी शेजारी चालवली. एकाचा ग्रिड 4 किलोमीटर आणि उंचीचे 35 थर, दुसऱ्याचा ग्रिड 2 किलोमीटर आणि 51 थर. सुरुवातीची माहिती तीच, भौतिकीही तीच. 2 किलोमीटरची चित्रं अधिक रेखीव होती, रडारच्या पडद्यावर दिसावीत तशी. 2008 मध्ये जॉन केन आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष छापला: ज्या आकारमानावर हा जादा तपशील उमटतो, तिथे अंदाजाचं कौशल्य जवळजवळ नाहीच. मोठ्या वादळसमूहांच्या पातळीवर दोन्ही रूपं सारखीच उपयोगी पडली. हा अभ्यास अमेरिकेच्या मध्य भागापुरता आणि मॉडेल सुरू केल्यापासून 18 ते 30 तासांच्या अंदाजापुरता होता, हे लक्षात ठेवायला हवं. पण 'उद्या दुपारी वादळ कुठे' हा प्रश्न नेमका त्याच टप्प्यात येतो.

असं का व्हावं? आधणाला ज्वाळा किती आहे यावरून पाणी कधी उकळेल ते सांगता येतं. पहिला बुडबुडा तळाच्या कुठल्या टोकाला सुटेल ते नाही. तापलेल्या दुपारी हवेचंही तसंच होतं. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1969 मध्येच दाखवलं होतं की जितकी रचना लहान, तितकी तिच्यातली चूक झपाट्याने वाढते आणि मग मोठ्या रचनांत पसरते. एकेकट्या ढगाच्या बाबतीत अंदाज काही तासांपुरताच टिकतो. ग्रिड बारीक केल्याने ही मर्यादा मागे सरत नाही. उलट अधिक लवकर बिघडणाऱ्या गोष्टी मॉडेलमध्ये शिरतात.

यातून मोजणीचा एक घोळ निघतो, आणि त्याने शहाणी माणसंही फसतात. समजा वादळ सासवडला झालं. बारीक मॉडेलने तसंच, तेवढंच वादळ दाखवलं, पण दौंडला. ठिकाणाला ठिकाण जुळवून गुण दिले तर या मॉडेलला दोनदा शिक्षा होते: सासवडला हुकलं म्हणून एकदा, दौंडला खोटं बोललं म्हणून पुन्हा. जाड्या मॉडेलने निम्म्या पुणे जिल्ह्यावर रिमझिम पसरवली असेल तर ते यात कमी गुण गमावतं. प्रत्यक्षात वादळाचा इशारा त्याने दिलेलाच नसतो. ही मोजणीच अन्यायाची आहे.

त्यावरचा चांगला उपाय ब्रिटनच्या हवामान खात्यातल्या नायजेल रॉबर्ट्स आणि हम्फ्री लीन यांनी 2008 मध्ये मांडला. ठिपक्याला ठिपका जुळवू नका. एक परिघ घ्या, त्यात पावसाने किती भाग व्यापला ते मॉडेलमध्ये आणि प्रत्यक्षात मोजून ताडून पाहा, मग परिघ वाढवत न्या. त्यांनी 12, 4 आणि 1 किलोमीटरची मॉडेलं अशी तपासली. 1 किलोमीटरचं मॉडेल सर्वांत सरस ठरलं, पण साधारण 10 ते 15 किलोमीटरपेक्षा लहान परिघ सोडून. बारीक ग्रिडचा लाभ मोठ्या परिघात दिसला! लहान परिघात, म्हणजे लोक जिथे त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करतात तिथे, तो दिसला नाही. 1 किलोमीटरचं मॉडेल तालुक्याचा अंदाज सुधारतं, तुमच्या गल्लीचा नाही.

एक अपवाद आपल्याकडचा आहे आणि तो मोठा आहे. डोंगर हलत नाहीत. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे 6000 मिलीमीटर पाऊस पडतो, रस्त्याने तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. 12 किलोमीटरच्या ग्रिडमध्ये सह्याद्रीचा कडा बसून उतरंड होतो. बारीक ग्रिडमध्ये तो कडा उरतो आणि घाटावरचा मोसमी पाऊस जागच्या जागी येतो. तिथे रिझोल्यूशन आणि ठिकाणाची अचूकता खरोखर हातात हात घालून चालतात. मराठवाड्याच्या सपाटीवर एप्रिलमधल्या गारपिटीला असा कुठलाच कडा धरून ठेवत नाही.

आता पैशाचं. ग्रिड निम्मा केला, समजा 3 किलोमीटरचा 1.5, की आडवे चौकोन चौपट होतात आणि वेळेचं पाऊलही निम्मं टाकावं लागतं, म्हणजे गणित किमान आठपट. त्याच संगणकावर 3 किलोमीटरचं मॉडेल थोडी वेगवेगळी सुरुवात देऊन आठ वेळा चालवता येतं. मी नेहमी दुसरा मार्ग निवडेन. आठांपैकी सहांनी वादळ दाखवलं की दोघांनीच, यात जी माहिती आहे ती 1.5 किलोमीटरच्या एकाच सुबक चित्रात नाही. अमेरिकेनेही आणखी बारीक ग्रिडपेक्षा दुसऱ्या गोष्टींवर भर दिला. तिथल्या हवामान खात्याचं एचआरआरआर नावाचं मॉडेल 2014 मध्ये नियमित सेवेत आलं ते 3 किलोमीटरवर. त्याची ताकद दर तासाला रडारची ताजी माहिती पोटात घेऊन नव्याने सुरू होण्यात आहे. नॉर्मनमधल्या वादळांच्या प्रयोगशाळेची 'वॉर्न-ऑन-फोरकास्ट' प्रणालीही 3 किलोमीटरचीच, पण ती दर 15 मिनिटांनी रडारचे वेध घेते आणि एकाच वेळी 18 अंदाज काढते, तेही पुढच्या काही तासांचेच.

फोनवरच्या ॲपमध्ये आपल्या पेठेसाठी दुपारी चारचा पाऊस दिसतो, तो या चर्चेत धरूच नका. तो बहुतेक वेळा जाड्या ग्रिडवरचा आकडा दोन ठिपक्यांमध्ये ताणून बसवलेला असतो.

तेव्हा पुढच्या वेळी नव्या मॉडेलची बातमी आली की ग्रिड किती हे शेवटी विचारा. किती परिघात तपासलं, किती रूपं चालवली, रडारची माहिती किती वेळाने आत जाते, हे आधी विचारा. अमेरिकेचं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर गारा, वारा आणि टोर्नेडोची शक्यता कुठल्याही ठिकाणापासून 25 मैलांच्या, म्हणजे 40 किलोमीटरच्या आत अशी सांगतं. आपल्याच देशातल्या 3 किलोमीटरच्या मॉडेलांचे नकाशे रोज समोर असूनही तिथल्या माणसांनी तो परिघ आक्रसून घेतलेला नाही. 'बीड शहराच्या 40 किलोमीटर परिघात दुपारी 3 ते रात्री 8 दरम्यान गारपिटीची शक्यता 30 टक्के' असा इशारा द्राक्षबागायतदाराला आणि बाजार समितीला दिवसभर आधी मिळाला, तर जाळी ओढायची की नाही, उघड्यावरचा माल हलवायचा की नाही, हे त्यांना त्यावरून ठरवता येईल.