‘टू हिअर’ की ‘टू हिअरिंग’? इंग्रजी मसुदे तपासून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या इंग्रजी पत्रांत एक दुरुस्ती आम्हाला वारंवार करावी लागते. ‘वुई लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ या वाक्यातील ‘हिअर’ खोडून तेथे ‘हिअरिंग’ लिहावे लागते. दुरुस्त प्रत हाती पडल्यावर अनेक ग्राहक विचारतात, की ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते असे शाळेत शिकलो, मग येथे ‘आयएनजी’ कसे आले? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

इंग्रजीत ‘टू’ दोन कामे करतो. एक ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाआधी लागून इन्फिनिटिव्ह, म्हणजे ‘टू हिअर’सारखे रूप, तयार करतो, तर दुसरा प्रिपोझिशन, म्हणजे आपल्या ‘कडे’सारखा, नामाशी जोडला जाणारा शब्द असतो. दुसऱ्या ‘टू’ला पुढे नामच लागते, आणि क्रियापदाला नामाचे काम करायचे असेल तर त्याने जेरंडचे, म्हणजे ‘आयएनजी’चे रूप घ्यावे लागते. शंका आली, तर क्रियापदाच्या जागी एखादे साधे नाम ठेवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ चालते, म्हणून ‘टू हिअरिंग’. ‘होप टू युअर रिप्लाय’ चालत नाही, म्हणून ‘होप टू हिअर’. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘कमिटेड टू’, ‘इन ॲडिशन टू’ आणि ‘विथ अ व्ह्यू टू’ यांच्यापुढेही याच कारणाने ‘आयएनजी’ येते.

नोकरीच्या अर्जात विशेष जपावे लागते ते ‘यूज्ड टू’ला. ‘आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट’ म्हणजे पूर्वी मी रात्री काम करीत असे, आता करीत नाही. ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट’ म्हणजे रात्री काम करण्याची मला सवय आहे. रात्रपाळीच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्याने पहिले वाक्य लिहिले, तर त्याच्या म्हणण्याच्या जवळजवळ उलटा अर्थ वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो.

क्रियापदापाठोपाठ थेट दुसरे क्रियापद येते, तेव्हा मात्र अशी सोपी कसोटी नाही. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’, ‘कन्सिडर’ यांना ‘आयएनजी’ लागते. ‘वाँट’, ‘डिसाइड’, ‘अग्री’, ‘रिफ्यूज’ यांना ‘टू’ लागतो. हे वाचनाने आणि सरावानेच अंगवळणी पडते. ‘सजेस्ट’कडे तेवढे लक्ष द्यावे. ‘तारीख बदलायला सुचवतो’ हे मनात असल्यामुळे ‘सजेस्ट टू चेंज’ लिहिले जाते, पण शुद्ध वाक्य ‘वुई सजेस्ट चेंजिंग द डेट’ असे आहे. ‘स्टार्ट’ आणि ‘कंटिन्यू’ यांना बहुधा दोन्ही रूपे चालतात, त्यामुळे तेथे आम्ही हात लावत नाही.

खरी काळजी घ्यावी लागते ती दोन्ही रूपे शुद्ध असून अर्थ बदलतो तेथे, आणि येथे मराठी माणसाला आपली भाषाच मदत करते असे आमचे ठाम मत आहे. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचे मला आठवले. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचे मला आठवते. ‘लावायचे’ म्हणताना कृती अजून व्हायची असते आणि ‘लावल्याचे’ म्हणताना ती होऊन गेलेली असते; हाच भेद इंग्रजी ‘टू’ आणि ‘आयएनजी’ यांनी दाखवते. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे कळवण्यास आम्हाला खेद होतो, तर ‘वुई रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ म्हणजे तुम्हाला कळवल्याचा आम्हाला पश्चात्ताप होतो. उमेदवाराला नकार कळवणाऱ्या पत्रात दुसरे वाक्य गेले, तर पत्र पाठवणाऱ्याची अडचण होईल. ‘स्टॉप’ला मात्र हा ताळा लावू नये, कारण ‘स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे बोलायला थांबलो आणि ‘स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलायचा थांबलो. येथे मराठीत ‘बोलायचा’ असूनही इंग्रजीत ‘आयएनजी’च येते.

‘रिमेंबर’, ‘फरगेट’, ‘रिग्रेट’ आणि ‘स्टॉप’ असलेली वाक्ये आम्ही परस्पर बदलत नाही, कारण दोन्ही रूपांपैकी आपल्याला कोणते अभिप्रेत आहे हे मसुद्यावरून नेहमी कळत नाही. अशा ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह करून मसुदा आपल्याकडे परत पाठवला जातो. मसुदा देतानाच त्या वाक्याशेजारी आपले म्हणणे मराठीत लिहून ठेवलेत, तर ही एक फेरी वाचेल.