सोळाचा चौकोन आला कुठून?

पिक्सेल आर्टच्या, म्हणजे ठिपक्याठिपक्याने काढलेल्या चित्रांच्या, टाइल्स (व्हिडिओ गेमचा पडदा ज्यांनी भरतो ते चौकोनी तुकडे) शिकायला घेतल्या की पहिला कॅनव्हास 16 बाय 16 ठिपक्यांचा उघडला जातो. का, ते फारसं कुणी विचारत नाही. या मापामागे हौस कमी आणि मेमरीची चणचण जास्त होती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आर्केडची यंत्रं छोटे तुकडे जोडून पडदा भरू लागली होती. पण घरोघरी ही पद्धत पोचवली 1983 साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमने, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्राने. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ आणि ‘कॅसेट’ म्हणून जे मिळायचं, ते बहुतेक याच यंत्राच्या नकला.

त्याचा पडदा 256 बाय 240 ठिपक्यांचा. ठिपक्याला 2 बिट धरले तरी पूर्ण चित्राला 15,360 बाइट लागले असते, आणि पार्श्वभूमीसाठी यंत्रात मेमरी होती 2,048 बाइट. मग चित्र साठवायचंच नाही, 8 बाय 8 च्या टाइलचा नुसता क्रमांक साठवायचा, असं ठरलं. 32 रकाने, 30 ओळी, 960 क्रमांक. त्यासोबत रंगासाठी 64 बाइट.

खरी गोम या 64 बाइटांत आहे. एवढ्या जागेत प्रत्येक टाइलला स्वतःचा रंगसंच देणं शक्यच नव्हतं. म्हणून चार टाइल्सच्या चौकोनाला, म्हणजे 16 बाय 16 ला, मिळून एकच संच मिळाला. वीट, पाइप, जमीन सगळं त्या चौकोनात बसवणं भाग पडलं. इथूनच शब्दाचा घोळ सुरू होतो. यंत्राच्या लेखी टाइल म्हणजे 8 चा तुकडा, चित्रकाराच्या तोंडी टाइल म्हणजे 16 चा ठोकळा. प्रोग्रामर त्या ठोकळ्याला ‘मेटाटाइल’ म्हणतात, पण चित्रकारांत तो शब्द रुजला नाही. आजही दोघे एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टी बोलतात.

हा निर्णय तेव्हाही जाचक वाटला असणार. पुढे एका जादा चिपने कॅसेटमधूनच ही अट सैल केली. तरी मला तो निर्णय योग्यच वाटतो. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे, फक्त रंगसंच बदललाय. टाइलचं सगळं मर्म त्या झुडपात आहे.

पात्रंही साधारण 16 ठिपके रुंद असायची, तेही कारण धरता येईल. पण 1989 च्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर रंगाची अटच नव्हती, आणि तरी 16 चा ठोकळा टिकला. तोवर ती हाताची सवय झाली होती.

आजच्या ग्राफिक्स कार्डाला कुठलंही माप चालतं. उलट 16 कधी कधी अडचणीचं ठरतं. फुल एचडीवर बरोबर सहापट होणारा 320 बाय 180 चा पडदा घेतला, तर उभ्यात सव्वाअकरा ओळी बसतात.

आता डोकं खातात त्या कडा. गवत आणि मातीची सीमा काढताना टाइलच्या आठही शेजारी चौकोनांत काय आहे ते मोजलं, तर 47 टाइल्स काढाव्या लागतात. फक्त टाइलचे चार कोपरे मोजले तर 16 टाइल्समध्ये भागतं. नवख्याने 16 टाइल्सचाच संच घ्यावा. आणि गवताच्या मुख्य टाइलवर पिवळं फूल काढू नये. एकटं छान दिसतं, पण लेव्हलभर पसरलं की साडीच्या बुट्ट्यांसारखं रांगेत उभं राहतं. फुलासाठी वेगळी टाइल करावी, आणि ती हाताने, विरळ टाकावी.