शेळ्यांच्या कोठ्यातली गादी उपसणे

हिवाळाभर कोठ्यात म्हणजे गोठ्यात थरावर थर टाकलेलं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा), त्यात मुरलेलं मूत आणि लेंड्या, हे सगळं दबून जी जाड गादी तयार होते ती खालच्या जमिनीपर्यंत खोदून बाहेर काढणं म्हणजे गादी उपसणं. हे काम रोजच्या झाडलोटीत मोडत नाही, वर्षातून एकदा, फार तर दोनदा होतं.

गादी कशाची हे गावावर असतं. अमरावती, अकोला, यवतमाळकडे सोयाबीनचं कुटार, भंडारा-गोंदियाकडे धानाची तणस नाहीतर राईस मिलमधलं तूस. तुरीचं कुटार कोणी खाली टाकत नाही, ते बकऱ्यांच्या तोंडचं खाणं आहे. दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की ओल दिसेल तिथे नवं कुटार टाकत जायचं, खालचे थर कुजायला लागले की गरम होतात आणि रात्री करडांना पोटाखालून ऊब मिळते, हाच गादीचा खरा फायदा.

पण हीच ऊब मार्चपासून जिवावर येते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशाच्या आसपास जातो, वरून टिनपत्रा तापलेला आणि खालून गादी तापलेली, मग बकऱ्या धापा टाकत दाराशी गर्दी करतात. म्हणून माझं मत ठाम आहे, गादी महाशिवरात्र ते गुढीपाडवा या दिवसांतच उपसायची. बरेच लोक शेतात खत न्यायच्या घाईत मे महिन्यात काढतात, तोवर जनावरांनी दोन महिने सोसलेलं असतं आणि खत कुजायलाही वेळ उरत नाही.

त्याआधीही काढायची वेळ आली का हे नाकानं कळतं, पण उभं राहून नाही. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि तो गादीतूनच निघतो, त्यामुळे बसलेल्या बकरीच्या नाकापाशी तो जास्त असतो. उकिडवं बसून पाच मिनिटं श्वास घ्या, डोळे चुरचुरले तर ती करडं रात्रभर तेच ओढतायत, आणि मग त्यांच्या खोकल्यावर नुसती औषधं पाजून उपयोग नाही.

उपसताना आधी गाभण बकऱ्या आणि करडं झाडाखाली न्यायची, काम पहाटे धरायचं. वरचे चार बोटं कोरडं कुटार फावड्यानं सहज निघतं, त्याखाली मात्र चिवट काळपट थर लागतो, त्याला टिकास लागते, आणि पहिला तुकडा उलटला की वाफ निघते न् असा भपकारा येतो की माणूस मागे सरकतो. तोंडाला ओला दुपट्टा, पायात गमबूट, आणि हात घालण्याआधी विंचू बघायचा. धनुर्वाताचे जंतू असल्या खतात असतात, त्यामुळे इंजेक्शन घेतलेलं असावं.

२० बकऱ्यांना प्रत्येकी १०-१२ चौरस फूट धरलं तर २००-२४० चौरस फुटांचा कोठा, आणि फूटभर गादी म्हणजे दोन-अडीच ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) माल. घमेल्यानं दोन माणसांचा अख्खा दिवस जातो. मुरुमाची जमीन असेल तर वरची मूत मुरलेली दोन-तीन इंच मातीही खरडून नवा मुरूम टाकायचा, एक-दोन दिवस ऊन-वारा खाऊ द्यायचं, मग चुना भुरकवायचा. चुना खतात मिसळू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. ज्यासाठी एवढी मेहनत केली तेच गेलं म्हणजे.

लेंडीखतात साधारण ३ टक्के नत्र असतं, शेणखतापेक्षा बरंच जास्त, पण कच्चं टाकलं तर वावरात हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि उधळी म्हणजे वाळवी येते. शिवाय बकरीनं खाल्लेल्या बाभळीच्या शेंगांमधल्या बिया लेंडीतून सगळ्या चुरगळत नाहीत, कित्येक साबूत बाहेर पडतात आणि कपाशीच्या ओळीत काटे उगवतात. म्हणून सावलीत ढीग लावायचा, लेंडी कोरडी आणि टणक असते तेव्हा पाणी मारायचंच, तीनेक आठवड्यांनी वरखाली करायचा. ढीग आतून ५५-६० अंश तापला तर बऱ्याच बिया आणि जंतांची अंडी मरतात. मृगाच्या आधी मूठभर काढून बघायचं, बोटात दाबल्यावर लेंडीचा भुगा झाला तर बैलबंडी भरायची, नुसती चपटी झाली तर अजून थांबायचं.