सूर्याची भट्टी एवढी मंद कशी काय?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. ते जळणं म्हणजे लाकूड आणि ऑक्सिजन, साधी केमिस्ट्री. सूर्यपण तसाच जळतोय असं बऱ्याच जणांना वाटतं, पण अख्खा सूर्य दगडी कोळशाचा असता ना, तर पाच-सहा हजार वर्षांत त्याची राख झाली असती. त्याचं वय आहे ४६० कोटी वर्षं!

सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी डिग्री. तिथे हायड्रोजनचे चार प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन अणूंचे गाभे, टप्प्याटप्प्याने जुळून एक हेलियम होतो आणि त्याचं वजन चौघांच्या बेरजेपेक्षा ०.७ टक्के कमी भरतं. ते गायब झालेलं वजन म्हणजेच आपलं ऊन. सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजन संपतो आणि त्यातल्या ४० लाख टनांची ऊर्जा होते.

आकडे ऐकून वाटतं आत नुसते बॉम्ब फुटत असतील. छे! अगदी मध्यभागी एका घनमीटरमागे जेमतेम २७५ वॅट तयार होतात, म्हणजे बांधावर कुजत पडलेल्या खताच्या ढिगात होतात साधारण तेवढेच. फक्त हा ढीग अवाढव्य आहे, आणि आतली ऊर्जा धडपडत पृष्ठभागावर यायला हजारो-लाखो वर्षं जातात, मग पुढे पृथ्वीपर्यंत फक्त आठ मिनिटं.

इतकं संथ का, तर दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, दीड कोटी डिग्रीसुद्धा त्यांना भिडवायला कमीच पडते, क्वांटम टनेलिंगच्या (म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही कण अडथळ्यातून पार होण्याच्या) कृपेने कधीतरी भिडतात, आणि भिडले तरी नेमक्या त्याच क्षणी एकाचा न्यूट्रॉन (विद्युतभार नसलेला कण) व्हावा लागतो, जे जवळपास कधीच होत नाही. एका प्रोटॉनचा नंबर लागायला सरासरी ९०० कोटी वर्षं! भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेंनी १९३८-३९ च्या सुमारास हे गणित सोडवलं, नोबेल मात्र १९६७ ला.

बरं, भट्टी मध्येच भडकत का नाही? भडकली की गाभा फुगतो, फुगला की थंड होतो, वेग परत खाली.

ताऱ्याचं वस्तुमान जास्त असलं की मात्र हिशोब बिघडतो. वरचा दाब जास्त, गाभा जास्त तापलेला, इंधनाची नुसती उधळपट्टी. थंडीतच मृग नक्षत्रात काक्षी (बीटलज्यूस) हा तांबूस तारा दिसतो, शहरातल्या गच्चीवरूनही ओळखू येतो. तो सूर्याच्या पंधरा-वीस पट जड, वय जेमतेम एक कोटी वर्षं, आणि गाभ्यातला हायड्रोजन आत्ताच संपवून बसलाय. आपल्या सूर्याकडे अजून ५०० कोटी वर्षांचा स्टॉक आहे.